धातूच्या कांड्या आणि सांध्यांची कळ

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत रोममध्यें स्क्रिबोनियस लार्गस नांवाचा एक वैद्य होऊन गेला. पायाच्या वातरक्तावर त्यानें एक विलक्षण उपाय लिहून ठेविला आहे. रोग्यानें समुद्रकांठच्या ओल्या वाळूंत उभें राहावें, तळव्याखालीं जिवंत टॉर्पीडो मासा घ्यावा, आणि गुडघ्यापर्यंत पाय बधिर होईतों तसेंच उभें असावें. या माशाच्या अंगांत वीज उत्पन्न होते, हें त्या वैद्यास कळण्याचा संभव नव्हता. त्यास दिसलें तें एवढेंच, कीं कळ थांबते. हातापायांच्या जुनाट दुखण्यांवर वीज आणि चुंबक यांचा उपचार करण्याचा इतिहास इतका मागें जातो; आणि त्यांत प्रथमपासून एक प्रश्न दडलेला आहे. कळ थांबली हें खरें. परंतु ती कशानें थांबली?

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत या प्रश्नास तोंड फुटलें. १७७४ सालीं व्हिएन्ना येथें मेस्मर या डॉक्टरानें रोग्यांच्या अंगावर लोहचुंबक ठेवून उपचार आरंभिले, आणि पुढें ‘प्राणिज चुंबकत्व’ नांवाची एक अदृश्य शक्ति आपणांस सांपडल्याचें जाहीर केलें. १७८४ सालीं फ्रान्सच्या राजानें त्याची चौकशी करविली. फ्रँकलिन आणि लाव्हाझिए यांच्यासारख्या पंडितांच्या मंडळानें निर्णय दिला, कीं अशी शक्ति कोठेंहि आढळत नाहीं. दिसतो तो परिणाम कल्पनेचा आहे. तरी लोकांची आशा मावळली नाहीं. १७९१ सालीं गॅल्व्हानीनें मेलेल्या बेडकाचे पाय धातूच्या स्पर्शानें आखडतात हें प्रसिद्ध केलें, आणि धातू व शरीर यांचें कांहीं गूढ नातें आहे असें पुष्कळांस वाटूं लागलें.

अशा हवेंत अमेरिकेच्या कनेक्टिकट प्रांतांतील एलिशा पर्किन्स या डॉक्टरानें १७९६ सालीं आपल्या धातूच्या कांड्यांचें पेटंट मिळविलें. त्यांस तो ‘ट्रॅक्टर’, म्हणजे ओढून काढणारे, असें म्हणे. सुमारें तीन इंच लांबीच्या, एका टोंकास निमुळत्या अशा दोन कांड्या. एक पिवळसर, दुसरी पांढुरकी. दुखऱ्या अवयवावरून त्या कांहीं वेळ फिरविल्या कीं कळ ओढली जाते, असा त्याचा दावा. प्रांताच्या वैद्यमंडळानें त्यास काढून टाकलें. परंतु त्याच्या मुलानें कांड्या लंडनला नेल्या आणि तेथें त्या पांच गिन्यांस जोडी या भावानें खपूं लागल्या. धर्मोपदेशक आणि अध्यापक यांचीं प्रशस्तिपत्रें छापलीं गेलीं. घोड्यांसहि गुण येतो, मग ही कल्पना कशी, असा बिनतोड वाटणारा प्रश्न पर्किन्सचे कैवारी विचारीत. घोडा बरा झाला हें ठरविणारा माणूसच असतो, हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

इंग्लंडांतील बाथ हें शहर उष्णोदकाच्या झऱ्यांमुळें संधिवाताच्या रोग्यांचें माहेरघर बनलें होतें. तेथें जॉन हेगार्थ हा वयोवृद्ध डॉक्टर राहत असे. चेस्टर येथें तापाच्या रोग्यांस वेगळ्या दालनांत ठेवण्याची व्यवस्था करून त्यानें पूर्वींच नांव मिळविलें होतें. त्यानें पर्किन्सशीं वाद घातला नाहीं. त्यानें लांकडाच्या कांड्या करविल्या, आणि त्यांस धातूसारखा रंग दिला. ७ जानेवारी १७९९ रोजीं रुग्णालयांतील पांच जुनाट रोग्यांवर त्या फिरविण्यांत आल्या. कोणाचा घोटा, कोणाचा गुडघा, कोणाचें मनगट दुखत होतें. पांचांपैकीं चौघांनीं आराम पडल्याचें सांगितलें. एकानें तर आपण किती चांगले चालतों हें मोठ्या आनंदानें चालून दाखविलें. दुसऱ्यास नऊ तास बरें वाटलें. दुसऱ्या दिवशीं खऱ्या धातूच्या कांड्या फिरविल्या, तों फळ जवळजवळ तेंच.

१८०० सालीं हेगार्थनें हा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्याचें मोठेपण असें, कीं त्यानें रोग्यांस खोटें ठरविलें नाहीं. कळ खरी होती, आरामहि खरा होता. खोटें होतें तें आरामाचें सांगितलेलें कारण. नामांकित वैद्याच्या हातचें औषध अनोळखी वैद्याच्या त्याच औषधाहून अधिक गुण कां देतें, याचाहि उलगडा त्यास येथेंच झाला. सुंठीवांचून खोकला जातो, ही म्हण आपल्या घरोघरीं आहे. हेगार्थनें सुंठ आणि नुसता विश्वास यांस शेजारीं ठेवून मोजलें. पर्किन्स स्वतः १७९९ सालींच न्यूयॉर्क येथें पीतज्वराच्या साथींत रोग्यांची सेवा करितां करितां वारला. तो लुच्चा नसावा. आपल्या उपायावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसला होता. प्रामाणिक माणूसहि किती फसूं शकतो, याचें हें उदाहरण होय.

यावरून वीज व चुंबक यांचा देहावर परिणामच होत नाहीं, असें मात्र ठरत नाहीं. बदलतें चुंबकक्षेत्र वाहकांत विद्युत्प्रवाह उत्पन्न करितें, हें फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलें. आणि शरीरहि वाहकच आहे. हाडावर दाब पडला म्हणजे त्यांत विद्युद्भार उत्पन्न होतो, हें फुकाडा व यासुदा या जपानी संशोधकांनीं १९५७ सालीं सिद्ध केलें. १९७९ सालीं न जुळणाऱ्या अस्थिभंगावर स्पंदित चुंबकक्षेत्राचा उपचार करण्यास अमेरिकेच्या औषधनियंत्रण खात्यानें संमति दिली. गुडघ्याच्या व इतर सांध्यांच्या जुनाट वेदनांवरहि तो पुढें अजमावण्यांत आला. तेथें निकाल मात्र एकसारखे आले नाहींत.

या परीक्षांत निम्म्या रोग्यांस खरें यंत्र लावितात, आणि उरलेल्यांस हुबेहूब तसेंच, पण आंत प्रवाह नसलेलें. सौम्य चुंबकक्षेत्र त्वचेस जाणवत नाहीं. त्यामुळें आपल्या वांट्यास कोणतें यंत्र आलें हें रोग्यास कळत नाहीं. तें मुकें यंत्र म्हणजे हेगार्थच्या रंगविलेल्या लांकडी कांडीचाच वंशज. वर्षानुवर्षें पाय धरून बसलेल्या माणसास कोणी महागडें यंत्र विकावयास आला, तर त्यानें ‘गुण येतो काय’ एवढेंच विचारून भागत नाहीं. ‘लांकडाच्या कांडीपेक्षां अधिक येतो काय’ हेंहि विचारावें लागतें.