घासणे आणि घोटणे

चकाकी आणायच्या दोन वेगळ्या क्रियांसाठी मराठीत दोन वेगळे शब्द आहेत. तांब्याचा हंडा चिंचेने आणि राखेने घासतात. काळवंडलेला थर निघून जातो आणि खालचे ताजे तांबे उघडे पडते. चुन्याचा गिलावा मात्र गुळगुळीत दगडाने दाबून दाबून घोटतात. जुन्या पोथ्यांचा हातकागदही शाई फुटू नये म्हणून असाच घोटलेला असे. घासण्यात वस्तू दरवेळी थोडी कमी होते, घोटण्यात ती कमी होत नाही. मोटारीच्या रंगावर उमटलेली बारीक ओरखड्यांची जाळी, म्हणजे वर्कशॉपच्या भाषेतले स्वर्ल मार्क, घालवायला जास्त कापणारे पॉलिश घ्यावे का, हा प्रश्न डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यात रोजचा आहे. त्याचे उत्तर देताना हा फरक नेमका विसरला जातो. मोटारीचे पॉलिश हे नावाने पॉलिश असले तरी कामाने घासणेच आहे. आणि आधी कडक पॉलिशकडे हात जाण्याची सवय एका विशिष्ट जातीच्या रंगावर, त्या काळी अगदी रास्त कारणाने पडलेली आहे. तो रंग गाड्यांवरून गेला, सवय मात्र राहिली, असे माझे म्हणणे आहे.

हा प्रश्न कशेळ्यासारख्या नाक्यावरून पाहिला तर जास्त स्पष्ट दिसतो. कर्जत–मुरबाड रस्त्यावरच्या या गावातून नेरळकडचे आणि खांडसमार्गे भीमाशंकरच्या पायथ्याला जाणारे रस्ते फुटतात. पावसाळ्यात मुंबई-पुण्याच्या गाड्या इथून भातखाचरांचा चिखल घेऊन परततात आणि उन्हाळ्यात धूळ. ही धूळ सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची आहे. त्या दगडातली खनिजे मोटारीच्या रंगापेक्षा कितीतरी कठीण असतात. गाडीवर नुसती बसलेली धूळ काही बिघडवत नाही. तिच्यावरून कोरडे फडके फिरले की प्रत्येक कण कानस होतो. उन्हात किंवा दिव्याखाली हे ओरखडे गोल वर्तुळात दिसतात, म्हणून गोल हात फिरवल्याचा दोष फडके मारणाऱ्याला दिला जातो. खरे तर ओरखडे सगळ्या दिशांना असतात. प्रकाशाला आडवे असलेले तेवढे चमकतात, आणि ते दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे मांडल्याचा भास होतो. डोके हलवले की वर्तुळही सरकते. यातले बहुतेक ओरखडे अगदी उथळ असतात. पण डोळ्याला ते भयंकर दिसतात, आणि ज्याच्या हाती मशीन आहे त्याचा पहिला निर्णय या दिसण्यावरच ठरतो.

आता सवयीचा इतिहास. मोटारी पहिल्यांदा घोडागाडीसारख्याच रंगवल्या जात: तेली रंग आणि व्हार्निशचे एकावर एक थर, प्रत्येक थर वाळायला दिवस, सगळे काम पुरे व्हायला आठवडे. मधल्या थरांना प्युमिस दगडाच्या पुडीने घासत. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या थ्री एम कंपनीने पाण्यात भिजवून वापरता येणारा घासकागद आणला. आपल्याकडचा वॉटर पेपर तो हाच. पाठोपाठ १९२३ मध्ये ड्यू पाँ आणि जनरल मोटर्स यांनी ड्युको नावाचा नायट्रोसेल्युलोज लॅकर बाजारात आणला आणि आठवड्यांचे काम दिवसांवर आले. आपल्याकडे हे नाव इतके रुजले की लाकडी कपाटाच्या फवारलेल्या रंगालाही रंगारी आजही ड्युको म्हणतात. पण या लॅकरची एक अट होती. फवारल्यावर तो आपोआप आरशासारखा दिसत नसे. अनेक पातळ थर मारायचे, वॉटर पेपरने सपाट करायचे आणि मग रबिंग कंपाउंडने चकाकी बाहेर काढायची, अशी त्याची रीत. म्हणजे घासणे ही दुरुस्ती नव्हती, रंगकामाचाच शेवटचा टप्पा होता. रंगाऱ्याने थर मारतानाच घासण्यात जाणारी जाडी धरलेली असे.

महाराष्ट्रात हा धंदा वाढला तो याच रीतीवर. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या निघू लागल्या, आणि पुढे फियाट व पद्मिनी या गाड्यांनी मुंबईची टॅक्सी म्हणजे काय ते ठरवले. त्या जुन्या गाड्यांवर रंग आणि चकाकी एकाच थरात असत. वरून वेगळे पारदर्शक कवच नसे. कोकणच्या उन्हात आणि दमट हवेत असा रंग वरून मरतो, खडूसारखा पांढुरका होतो. कंपाउंड लावून जोरात घासले की मेलेला रंग फडक्यावर येई आणि खालून ताजा रंग निघे. काळ्या गाडीचे फडके काळे, पिवळ्या टपाचे पिवळे. तांब्याच्या हंड्याचेच गणित हे! इथे सौम्य पॉलिश वापरणे म्हणजे वेळ घालवणे होते. शिवाय गाडी दहा-पंधरा वर्षे चाले आणि मध्ये एक-दोनदा पूर्ण रंगे, त्यामुळे जाडी संपण्याची चिंता फारशी कुणाला नव्हती. ज्या कारागिरांनी हे हात कमावले त्यांना अडाणी ठरवणे अन्यायाचे आहे. त्यांच्या समोरच्या रंगाला तेच योग्य होते.

फरक पडला तो रंग दोन थरांत विभागल्यावर: खाली रंगाचा पातळ थर, वर पारदर्शक क्लिअर कोट. परदेशात ही पद्धत १९८०च्या दशकात पसरली आणि धातूचकाकीच्या रंगांबरोबर ती आपल्याकडेही रुळली. क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉन जाडीचा असतो, माणसाच्या केसापेक्षाही पातळ. त्याचे काम नुसते चमकणे नाही. उन्हातली अतिनील किरणे अडवणारी द्रव्ये त्याच्यात असतात आणि खालचा रंग त्यांच्या भरवशावर टिकतो. आता फडक्यावर रंग येत नाही. किती गेले हे सांगणारी जुनी खूणच नाहीशी झाली, आणि या बदलातली सर्वांत धोक्याची गोष्ट मला हीच वाटते. कडक कंपाउंडने घासलेली गाडी त्या दिवशी सुंदरच दिसते. परिणाम काही उन्हाळ्यांनी बोनेटवर आणि टपावर दिसतो: क्लिअर पापुद्र्यासारखा सुटतो आणि खालचा रंग विटतो. तोवर क्लिअर कुणाच्या हातून पातळ झाला हे विचारायला जागा उरत नाही.

यावर धंद्यातून आक्षेप येतात, आणि ते पोकळ नाहीत. पहिला असा की कडक पॉलिशने ओरखडे काढून नंतर बारीक पॉलिशने फिनिश केले तर शेवटी पृष्ठभाग सारखाच गुळगुळीत होतो. गुळगुळीत होतो हे खरे, पण सारखा नाही. बारीक पॉलिश आधीच्या कंपाउंडचे ओरखडे काढते, तेही आणखी थोडा थर घेऊनच. गेलेली जाडी परत येत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे: सगळे क्लिअर सारखे नसतात. मर्सिडीझने २००३ च्या अखेरीस सूक्ष्म सिरॅमिक कण मिसळलेला क्लिअर वापरायला सुरुवात केली, तो ओरखड्याला मुद्दामच कठीण केलेला होता. अशा रंगावर सौम्य पॉलिश तासभर फिरवून काहीच होत नाही, उलट मशीनच्या उष्णतेने पॅनल तापतो, आणि कडेवर तापलेला रंग जळायला वेळ लागत नाही. अशा वेळी कडक पॉलिश घेणे हाच शहाणपणा, हे मी मान्य करतो. पण हा आक्षेप माझ्या म्हणण्याला धक्का देत नाही, आधारच देतो. रंग पाहून पॉलिश निवडा एवढेच तो सांगतो. सवयीने निवडा असे सांगत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. नाक्यावरच्या कारागिराला गाडीमागे मिळणारा पैसा ठरलेला. दोन दिवस हळूहळू पॉलिश करत बसणे त्याला परवडत नाही. ही अडचण खरी आहे, आणि तिचा मोठा वाटा गिऱ्हाइकाचा आहे, कारण त्याला संध्याकाळी आरसा हवा असतो. पण चाचणीला वेळ फार लागत नाही. बोनेटवर वीतभर चौकोन टेपने आखून त्यात आधी सौम्य पॉलिश स्पंजच्या पॅडवर फिरवायचे. ओरखडे उरले तर पहिल्यांदा पॅड बदलायचा, कारण तेच पॉलिश लोकरीच्या पॅडवर कितीतरी जास्त कापते. त्यानेही भागले नाही तरच पुढची बाटली उघडायची. रंगाची जाडी मोजणारा मायक्रॉन मीटर असेल तर उत्तम, पण लांबी भरून पुन्हा रंगवलेल्या पॅनलवर त्याचा आकडा फसवतो. जाडी मोठी दिसते, त्यातला क्लिअर किती ते कळत नाही. नखाला लागणारा खोल ओरखडा पूर्ण काढायच्या नादी लागू नये. त्याच्या कडा थोड्या बोथट केल्या की तो दिव्याखाली चमकायचा थांबतो आणि कवच शाबूत राहते. आणि हे सगळे सुरू करण्याआधी खांडसच्या रस्त्याची धूळ भरपूर पाण्याने, फडके न लावता, आपसूक वाहून जाऊ द्यायची.