बीगा (विधानसभा मतदारसंघ)

बीगा : ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या ९३ सदस्यांच्या विधानसभेतील अगदी दक्षिणेकडचा किनारी मतदारसंघ. उत्तरेस बॅटमन्स बे परिसरापासून दक्षिणेस व्हिक्टोरिया राज्याच्या सीमेपर्यंत तो पसरला आहे. मोरुया, नरूमा, बर्मागुई, कोबार्गो, बीगा, टॅथ्रा, मेरिंबूला, पँब्यूला आणि ईडन ही त्यातील मुख्य गावे. हा मूळचा युइन लोकांचा प्रदेश. बीगा गाव सिडनीपासून सुमारे ४२० किमी. अंतरावर आहे. दुधाचा धंदा, चीज, खाडीतील कालवांची शेती, लाकूडतोड आणि सुट्टीचे पर्यटन यांवर येथील लोकांचे पोट चालते. १८९९ मध्ये सहकारी तत्त्वावर सुरू झालेल्या दूधसंस्थेमुळे बीगाचे नाव चीजच्या वेष्टनावरून देशभर पोहोचले. राजकारणाने ते पोहोचायला बराच काळ जावा लागला.

मतदारसंघ प्रथम १८९४ मध्ये निर्माण झाला आणि १९२० मध्ये राज्याने प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत स्वीकारल्यावर रद्द झाला. १९२७ मध्ये एकसदस्यीय मतदारसंघ परत आले, तरी बीगाला १९८८ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षीच्या निवडणुकीत निक ग्रायनर यांच्या नेतृत्वाखाली लिबरल-नॅशनल युती सत्तेवर आली आणि बीगातून लिबरल पक्षाचे रसेल स्मिथ निवडून आले. २००३ मध्ये त्यांची जागा त्याच पक्षाच्या अँड्र्यू कॉन्स्टन्स यांनी घेतली.

१९८८ नंतरची तीसेक वर्षे निकालाची उत्सुकता अशी नव्हतीच. १९९५ ते २०११ अशी सलग सोळा वर्षे राज्यात मजूर पक्षाचे सरकार होते, पण बीगा लिबरल राहिले. गंमत अशी, की बीगा, मेरिंबूला आणि ईडन ही गावे संघीय संसदेच्या ज्या ईडन-मोनॅरो मतदारसंघात मोडतात, त्याची ख्याती नेमकी उलट. १९७२ पासून २०१३ पर्यंत तेथे जो पक्ष जिंकला, त्याचेच सरकार कॅनबेरात आले; २०१६ मध्ये हा नेम चुकला. एकाच भूमीचे हे दोन स्वभाव समजून घ्यायचे तर नकाशात क्वीनबियन शोधावे. कॅनबेराला खेटून असलेले हे नोकरदारांचे शहर ईडन-मोनॅरोत आहे, बीगात नाही. ते वगळले की उरतात शेतकरी, छोटे दुकानदार आणि समुद्राकाठी घर बांधून राहिलेले निवृत्त लोक.

कॉन्स्टन्स राज्याचे अर्थमंत्री आणि नंतर वाहतूकमंत्री झाले. पण मतदारांच्या लक्षात ते राहिले वणव्यामुळे. मार्च २०१८ मध्ये टॅथ्रा गावातील साठांहून अधिक घरे जळाली होती. त्यापेक्षा कितीतरी मोठी आग २०१९ च्या अखेरीस आली. ३१ डिसेंबरला कोबार्गोची मुख्य पेठ भस्मसात झाली. मालुआ बे येथे माणसे पुळणीवर जमून जीव वाचवत होती आणि कॉन्स्टन्स तेथेच आपले घर वाचवण्यासाठी धडपडत होते. दोन दिवसांनी पंतप्रधान स्कॉट मॉरिसन कोबार्गोला आले, तेव्हा काहींनी त्यांच्याशी हस्तांदोलन करायचे नाकारले. जे झाले ते त्यांच्या वाट्याला यायलाच हवे होते, अशा आशयाचे उद्गार कॉन्स्टन्स यांनी काढले. स्वपक्षाच्या पंतप्रधानाबद्दल मंत्री असे बोलत नसतात. मे २०२० मध्ये त्यांनी ईडन-मोनॅरोची पोटनिवडणूक लढवण्याची घोषणा केली आणि लगेच ती मागेही घेतली. २०२१ च्या अखेरीस त्यांनी आमदारकी सोडली.

१२ फेब्रुवारी २०२२ रोजी राज्यात एकाच दिवशी चार पोटनिवडणुका झाल्या. करोनामुळे प्रत्येक मतदाराच्या घरी टपालाने मतपत्रिका गेली होती. लिबरल पक्षाने फिओना कोटव्हॉइस यांना उभे केले. त्या ईडन-मोनॅरोत दोनदा हरल्या होत्या. मजूर पक्षाचे उमेदवार मायकेल हॉलंड मोरुयातील प्रसूतितज्ज्ञ. ज्या भागात दवाखान्यासाठी तासन्‌तास गाडी चालवावी लागते, तेथे अशा डॉक्टरला प्रचारपत्रकाची गरज कमीच. बीगा प्रथमच मजूर पक्षाकडे गेले. मार्च २०२३ च्या सार्वत्रिक निवडणुकीत हॉलंड पुन्हा निवडून आले. तेव्हा क्रिस मिन्स यांचे मजूर सरकारही आले. कॉन्स्टन्स मात्र गिलमोर या शेजारच्या संघीय मतदारसंघात २०२२ मध्ये ३७३ मतांनी आणि २०२५ मध्ये त्याहून मोठ्या फरकाने पडले.

पुढील निवडणूक मार्च २०२७ मध्ये आहे. मतदान सक्तीचे असले, तरी पसंतीक्रम देणे ऐच्छिक आहे. मतपत्रिकेवर नुसता १ लिहून पेटीत टाकली तरी चालते, आणि इतर चौकटी कोऱ्या ठेवणारे पुष्कळ असतात. पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला की ते मत तेथेच संपते. त्यामुळे ग्रीन पक्षाला मत देणाऱ्यांनी दुसऱ्या क्रमांकावर मजूर उमेदवार लिहिला की नाही, याला चुरशीच्या लढतीत फार मोल येते. आणि येथे अडचण आहे: सरकारी जंगलांतील लाकूडतोडीवरून ग्रीन मतदार मजूर सरकारवर चिडतो, आणि ती थांबवली तर ईडनच्या लाकूडगिरणीकडे पाहणारा कामगार चिडतो. मोरुया आणि बॅटमन्स बे येथील दोन जुन्या रुग्णालयांच्या जागी मोरुयात एकच मोठे रुग्णालय, ही योजना हॉलंड यांच्या जमेची बाजू. पण तेथे डॉक्टर-परिचारिका टिकल्या नाहीत तर दोष हॉलंड यांच्याच माथी येईल. सुट्टीत भाड्याने जाणाऱ्या घरांमुळे स्थानिक कामगारांना जागा मिळत नाही, हे दुखणे सर्वच पक्षांना सारखे.

बीगा मजूर पक्षाची हुकमी जागा झाली, असे म्हणणे घाईचे ठरेल. येथे मत पक्षापेक्षा माणसाला पडते, हे कॉन्स्टन्स यांच्या काळात दिसले आणि हॉलंड यांच्याही. स्वतः हॉलंड रिंगणात असले तर पारडे त्यांच्याकडे झुकते. नसले तर लढत खुली आहे. लिबरल पक्षाची चिंता मात्र एका जागेपुरती नाही. १३ सप्टेंबर २०२५ च्या पोटनिवडणुकीत कायमा मतदारसंघही मजूर पक्षाने जिंकल्यावर वुलोंगाँगपासून व्हिक्टोरियाच्या सीमेपर्यंतच्या किनाऱ्यावरील विधानसभेच्या सर्व जागा मजूर पक्षाकडे आल्या.