रोजगार हमीचे पागे

स्मरणिकेसाठी इतिहासावर लेख दे, असा निरोप आला तेव्हा परंड्याचा किल्ला आणि आपल्या भैरवनाथाची यात्रा हेच विषय आधी सुचले. पण त्यावर गुरुजींनी आपल्याकडून पुरेसे निबंध लिहून घेतले आहेत! म्हणून आपल्या घरांशी फार जवळचा संबंध असूनही वर्गात कधी चर्चेला न आलेल्या एका राजकारण्याबद्दल लिहिते. ते म्हणजे विठ्ठल सखाराम पागे.

पागे जन्मले 1910 साली. तासगाव तालुक्यातलं विसापूर हे त्यांचं गाव. शिक्षणाने वकील, वृत्तीने गांधीवादी, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले. 1960 ते 1978 अशी तब्बल अठरा वर्षं ते विधान परिषदेचे सभापती होते. हे पद मानाचं, पण हाती ना खातं, ना निधी. तरीही राज्यातल्या बहुतेक मंत्र्यांपेक्षा खेड्यातल्या मजुराला त्यांचा जास्त उपयोग झाला, असं माझं मत आहे.

मागेल त्याला काम मिळालंच पाहिजे, हा त्यांचा आग्रह. 1965 च्या सुमारास तासगाव भागात त्याचा प्रयोग झाला. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी कल्पना उचलून धरली आणि 1 मे 1972 पासून रोजगार हमी योजना राज्याच्या पंधरा कलमी कार्यक्रमात आली. पाठोपाठ तो भीषण दुष्काळ पडला. मग सगळीकडे दुष्काळी कामंच निघाली. मे 1973 मध्ये राज्यात जवळपास 50 लाख माणसं अशा कामांवर होती. त्यांत माझी आजी होती. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या आज्याही असतील. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची, दुपारी मिळालेली सुकडी पदराला बांधून पोरांसाठी घरी आणायची. मिलोच्या लाल भाकरीचं नाव काढलं तरी आजी तोंड फिरवायची.

दुष्काळ सरला, पण पागे थांबले नाहीत. 1977 साली दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचा कायदा एकमताने मंजूर केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत द्यायचं, नाही तर बेकारी भत्ता. बाई आणि पुरुषाला एकच दर. भत्ता दिवसाला किमान एक रुपया, म्हणजे नावापुरताच, पण काम देणं सरकारवर बंधनकारक झालं हे महत्त्वाचं. मी संगणक अभियंता आहे, म्हणून मला यातली रचना फार आवडते. काम कधी काढायचं हे साहेबाच्या मर्जीवर नाही, मजुराच्या अर्जावर ठरतं.

कागदावर तरी. प्रत्यक्षात खोटी मस्टरं भरली गेली, मजुरी महिनोन्‌महिने थकली, आणि ‘रोजगार हमी, अर्धे तुम्ही अर्धे आम्ही’ ही म्हण तर आपल्याला शाळेत असतानाच पाठ होती. हे लपवून पाग्यांचं कौतुक करण्यात अर्थ नाही. पण दुष्काळात सावकाराच्या दारी न जाता चूल पेटली, तीही याच योजनेने.

या योजनेला पैसा कुठून आला? 1975 च्या व्यवसाय करातून, आणि तेवढीच भर सरकारने घालायची होती. आपल्यातले जे पुण्या-मुंबईत नोकरी करतात त्यांनी पगाराची पावती काढून बघावी. दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापलेले दिसतील. माझ्या कचेरीतले तरुण सहकारी या कपातीवर कुरकुरतात, तेव्हा मी त्यांना आजीची गोष्ट सांगते.

पागे 1990 साली गेले. 2005 साली देशासाठी असाच कायदा झाला तो त्यांना पाहता आला नाही. त्यात एका कुटुंबाला वर्षात 100 दिवसांची हमी होती. पाग्यांच्या कायद्यात दिवसांची अशी मर्यादाच नव्हती.

एक विनंती. सोनारीच्या शिवारात कोणता बांध, कोणता रस्ता या कामांतून झाला, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून या. मेळाव्याच्या दिवशी मी वही घेऊन बसणार आहे.