रुग्णशय्येपाशी धर्म आणि समता



आजाऱ्याच्या उशाशी धर्माला जागा असावी की नसावी? हा प्रश्न आपल्याकडे पुस्तकात उपजलेला नाही. तो रोगराईत उपजला.

१८९७ साली प्लेगने पुण्यामुंबईत हाहाकार माजविला. ४ फेब्रुवारीस साथरोगांचा कायदा झाला. इस्पितळात नेले तर जात बाटेल, या भयाने लोक रोगी लपवू लागले. तेव्हा मुंबईत निरनिराळ्या ज्ञातींनी व पंथांनी आपापली प्लेगची इस्पितळे काढली. भय कमी झाले खरे. पण ज्याच्या पाठीशी धनिक ज्ञाती नाही, त्याने जावे कोठे? त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी अस्पृश्य वस्तीतील प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन आपल्या मुलाचा, डॉ. यशवंतरावांचा, दवाखाना गाठला. १० मार्च १८९७ रोजी त्या स्वतः प्लेगनेच गेल्या.

दुसरे उदाहरण काठेवाडचे. १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र आले, पुढे डॉ. आंबेडकरांनीही ते आपल्या आठवणींत नमूद केले. बाळंतीण पत्नी फार आजारी होती. दोन रुपये फी घेऊन डॉक्टर आला, पण वस्तीत शिरेना. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने पतीच्या, पतीने पत्नीच्या! बाई दगावली. डॉक्टरालाही धर्म असतो, हे मान्य. परंतु रोगी तपासून घरी गेल्यावर स्नान करावयास त्याला कोणी अडविले होते?

१९५० च्या संविधानाने हा गुंता सोडविला. अनुच्छेद २५ ने धर्मस्वातंत्र्य दिले, पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन ठेवून. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. आणि १९५५ च्या कायद्याने, अस्पृश्यतेच्या कारणावरून सार्वजनिक इस्पितळात किंवा दवाखान्यात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरविला.

मग श्रद्धेने दवाखान्याबाहेर राहावे काय? मुळीच नाही. वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीजवळच्या शोधग्राममध्ये डॉ. अभय व राणी बंग यांनी आदिवासींच्या विचाराने झोपड्यांच्या धर्तीवर दवाखाना उभारला आणि त्याला देवी दंतेश्वरीचे नाव दिले. देवीच्या नावामुळे रोग्याला तो आपला वाटतो. दार मात्र कोणालाच बंद होत नाही.

श्रद्धा रोग्याला धीर देते, तोवर ती धर्म होय. तीच दुसऱ्याचे औषध अडवू लागली, की तिने स्वातंत्र्याचे नाव घेऊ नये.