टीव्हीने टाकून दिलेली पेटी

नव्या टीव्हीवर क्रिकेटचा चेंडू शिवणीसकट दिसतो, पण मालिकेतली सासू काय पुटपुटली ते शेजारी बसलेल्याला विचारावं लागतं. चित्र सुधारत गेलं आणि आवाज मागे पडला. हे कसं झालं ते टीव्हीखाली ठेवायच्या पट्टीसारख्या स्पीकरच्या, म्हणजे साउंडबारच्या, कुळकथेतून कळतं, आणि दुकानात कोणता साउंडबार उचलावा तेही.

या कुळाचा मूळपुरुष १९२५ सालचा. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी त्या वर्षी कागदी शंकूच्या लाउडस्पीकरवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, त्यातून खेळणारा विद्युतप्रवाह आणि वेटोळ्याला चिकटून मागेपुढे हलणारा शंकू. आजचेही बहुतेक स्पीकर याच तत्त्वावर चालतात. शंकू पुढची हवा ढकलतो तेव्हा मागची ओढतो. या दोन लहरी एकमेकींना मिळाल्या की खर्जाचा आवाज जागच्या जागी विरतो. त्यामुळे शंकूच्या पुढच्या आणि मागच्या हवेमध्ये आडोसा लागतो. रेडिओच्या लाकडी पेटीने तो दिला आणि पुढे टीव्हीच्या पेटीनेही.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. त्या काळात ज्या मोजक्या घरांत टीव्ही आला, तो बहुधा चार पायांचा आणि सरकत्या दारांचा असे. पिक्चर ट्यूब खोल, म्हणून पेटीही खोल. त्या खोलीचा फायदा आवाजाला फुकटात मिळे. स्पीकर बटणांच्या खाली, थेट प्रेक्षकांकडे तोंड करून बसवलेला. आवाज एकाच वाहिनीचा, दणका बेताचा, पण बातम्यांतला शब्द न् शब्द कळत असे.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पिक्चर ट्यूब गेली आणि तिच्याबरोबर पेटीही गेली. टीव्ही भिंतीवर चढला, पडद्याभोवतीची चौकट बोटभर उरली आणि स्पीकरला समोर जागाच राहिली नाही. तो पडद्याच्या खालच्या कडेला किंवा पाठीमागे गेला. शब्द स्पष्ट कळतो तो मुख्यतः व्यंजनांमुळे. स, श, त, क यांची ओळख पटवणाऱ्या लहरी उंच पट्टीतल्या असतात आणि स्पीकरचं तोंड जिकडे असेल तिकडेच प्रामुख्याने जातात. त्या भिंतीवर किंवा टेबलावर आपटल्या की स्वर ऐकू येतात, शब्द मात्र निसटतात. खर्जाची अडचण वेगळी. ५० हर्ट्झच्या एका लहरीची लांबी जवळजवळ सात मीटर. ती जोरकस उमटवायची तर भरपूर हवा हलवावी लागते, आणि बोटभर जाडीच्या टीव्हीत तेवढा मोठा शंकू मावत नाही.

कुळाची दुसरी शाखा सिनेमागृहातून आली. १९९२ सालच्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर डॉल्बी डिजिटल पडद्यावर आलं आणि डीव्हीडीने ते घरोघरी पोचवलं. पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर, म्हणजे ५.१. ऐकायला झकास, पण बैठकीच्या खोलीभर तारांचं जाळं. मग प्रश्न पडला, सगळं काही समोरच्या एकाच पट्टीत बसवता येणार नाही का?

त्याचं सैद्धांतिक उत्तर अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये आधीच तयार होतं. कानपूरला जन्मलेले बिष्णू अटल आणि जर्मन शास्त्रज्ञ मानफ्रेड श्रोडर यांनी १९६०च्या दशकात एक युक्ती मांडली. उजव्या स्पीकरचा आवाज डाव्या कानालाही ऐकू येतो. तो डाव्या स्पीकरमधून उलटी लहर सोडून पुसून टाकायचा. मग समोरच्या दोनच स्पीकरमधून आवाज बाजूने आल्याचा भास निर्माण करता येतो.

१९९८ साली आल्टेक लान्सिंगने ‘एडीए१०६’ बाजारात आणला. पहिला साउंडबार म्हणून सहसा याचंच नाव घेतलं जातं. २००४ साली यामाहाने ‘वायएसपी-१’ मध्ये दुसरी वाट धरली. एका पट्टीत ४० छोटे स्पीकर आणि दोन वूफर. प्रत्येक छोट्या स्पीकरचा आवाज किंचित मागेपुढे सोडून आवाजाचे झोत तयार करायचे आणि ते भिंतींवरून परतवून ऐकणाऱ्याच्या बाजूला व पाठीमागे पोचवायचे. २००९ साली एचडीएमआय १.४ मध्ये ‘एआरसी’ आलं. टीव्हीचा आवाज त्याच एका वायरमधून बारकडे जाऊ लागला आणि बहुतेक घरांत टीव्हीच्या रिमोटनेच तो कमीजास्त होऊ लागला.

स्वस्त साउंडबारला या कुळातून फक्त रूप मिळतं, विद्या नाही. भिंतीवरून आवाज परतवायला पुष्कळ स्पीकर, तगडा प्रोसेसर आणि दोन्ही बाजूंना मोकळ्या भिंती लागतात. आपल्याकडे हॉलच्या एका बाजूला बाल्कनी आणि दुसरीकडे स्वयंपाकघराकडे जाणारी वाट असते. तिथे परतायला भिंतच नसते. त्यामुळे कमी किमतीच्या खोक्यावर ‘सराउंड’ (चहूबाजूंनी आवाज) किंवा ‘अॅटमॉस’ (वरूनही आवाज) लिहिलेलं दिसलं म्हणून जास्तीचे पैसे मोजू नयेत.

टीव्हीने जे टाकून दिलं, तेवढंच परत मागावं. पहिली अट, स्पीकर समोर तोंड करून हवेत आणि बार पडद्याखाली मोकळा ठेवता आला पाहिजे, कपाटाच्या कप्प्यात कोंबलेला नको. दुसरी, सबवूफर वेगळा असलेला २.१ परवडत असेल तर तो घ्यावा. खर्ज कोणत्या दिशेने येतो ते कानाला नीट कळत नाही, त्यामुळे तो डबा सोफ्याच्या बाजूला ठेवला तरी चालतो. फ्लॅटमध्ये मात्र भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांचा विचार करावा. फक्त बातम्या-मालिका बघणाऱ्यांना २.० पुरतो. तिसरी, जोडणी एचडीएमआय एआरसीची असावी, निदान ऑप्टिकल तरी. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो आणि ओठ आधी हलतात. चौथी, वॅटचा आकडा ‘आरएमएस’मधला, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीचा, आहे का ते पाहावं, ‘पीएमपीओ’चे, म्हणजे क्षणिक कमाल ताकदीचे, हजारांतले आकडे हिशेबात धरू नयेत.

दुकानदार हाणामारीचा सिनेमा लावून दाखवील. त्याला बातम्या लावायला सांगावं आणि आवाज कमी करून ऐकावं. निवेदिकेचे शब्द तेव्हाही सुटे सुटे कळले, तर तो बार घ्यावा.