तात्पुरतं म्हणजे किती दिवस? पबबाहेरच्या टेबलांची गोष्ट

आजचा भाग आहे एका टेबलाबद्दल. पबच्या दाराबाहेर, फुटपाथवर मांडलेलं साधं लाकडी टेबल. कोविडच्या काळात इंग्लंडमध्ये अशा टेबलांसाठी संसदेत खास कायदा झाला. कायदा होता 'तात्पुरता'. हा एक शब्द लक्षात ठेवा, कारण आजची सगळी गोष्ट त्याच्याभोवतीच फिरते.

पण आधी शंभर वर्षं मागे जाऊ या. १९१५ साल. पहिलं महायुद्ध चालू होतं. दारूगोळ्याच्या कारखान्यातले कामगार पिऊन कामावर येतात, किंवा येतच नाहीत, अशी सरकारची तक्रार होती. लॉइड जॉर्ज तर दारूला जर्मनीपेक्षाही मोठा शत्रू म्हणत होते. मग दारूच्या व्यापारासाठी एक नियंत्रण मंडळ नेमलं गेलं. मंडळानं आपल्या अखत्यारीतल्या भागात पबच्या वेळा कापल्या. दुपारी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ, मधे कुलूप. एकानं दुसऱ्याला दारू पाजण्यावरही बंदी आली. म्हणजे मित्राच्या ग्लासाचे पैसे तुम्ही दिलेत तर तो गुन्हा!

१९१८ मध्ये युद्ध संपलं. मित्राला पाजायची मुभा परत मिळाली, पण दुपारचं कुलूप काही निघालं नाही. १९२१ च्या कायद्यानं ते कायम केलं. इंग्लंडमधले पब दुपारभर उघडे ठेवायला परवानगी मिळाली ती थेट १९८८ मध्ये, आणि रविवारी तर १९९५ मध्ये. युद्धापुरता म्हणून आलेला नियम सत्तर वर्षं मुक्कामाला राहिला.

आता २०२० मध्ये येऊ. २० मार्चला पब बंद करायचा आदेश निघाला. ४ जुलैला इंग्लंडमध्ये ते पुन्हा उघडले, पण माणसामाणसांत अंतर ठेवून. आत जिथे पन्नास जण बसायचे तिथे वीस बसवायचे, तर धंदा चालणार कसा? उत्तर सरळ होतं. टेबलं बाहेर काढा.

पण पबमालकाला टेबलं अशी उचलून बाहेर ठेवता येत नाहीत. २००३ च्या परवाना कायद्यानुसार परवान्यासोबत जागेचा नकाशा जोडावा लागतो. कुठली जागा परवान्यात आणि कुठली बाहेर, हे त्यावर रेघ मारून दाखवलेलं असतं. आपल्याकडच्या परमिट रूमवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. गंमत अशी की तिथला कायदा दारू 'पिण्याला' परवाना देत नाही, 'विकण्याला' देतो. आत विकलेला ग्लास गिऱ्हाइकानं रेघेबाहेरच्या अंगणात नेऊन प्यायला, तर ती बाहेर नेण्यासाठी केलेली विक्री ठरते. तिला वेगळी परवानगी लागते, आणि ती सगळ्यांकडे नव्हती. फुटपाथवर बसवायचं तर रस्त्याची परवानगी निराळी. नवा अर्ज टाकला तर लोकांच्या हरकती ऐकण्यातच २८ दिवस जायचे. तोवर उन्हाळा संपला!

२२ जुलै २०२० ला 'बिझनेस अँड प्लॅनिंग ॲक्ट' मंजूर झाला. त्यानं दोन गाठी एकदम सोडवल्या. ज्या पबना फक्त आत पिण्यासाठी विकता येत होतं, त्यांना बाहेर नेण्यासाठी विकायची मुभा आपोआप मिळाली. आणि फुटपाथवरच्या टेबल-खुर्च्यांसाठी झटपट परवाना आला. फी जास्तीत जास्त १०० पौंड. सात दिवस हरकतींना, पुढचे सात दिवस निर्णयाला. एवढ्यात कौन्सिलनं उत्तर दिलं नाही, तर परवाना मिळाला असंच धरायचं.

ज्यांना बाहेर वेगळा काउंटर थाटायचा होता, त्यांच्यासाठी एक जुनी वाट होती: तात्पुरत्या कार्यक्रमाची नोटीस. फी २१ पौंड, माणसं ४९९ पर्यंत. हिला हरकत घेता येते फक्त पोलिसांना आणि कौन्सिलच्या पर्यावरण-आरोग्य विभागाला. शेजाऱ्याला नाही. हे लक्षात असू द्या.

मग उजाडला १२ एप्रिल २०२१. दुसऱ्या लाटेनंतर पब उघडले, पण फक्त बाहेर बसायला. त्या सकाळी लंडनच्या आसपास चक्क बर्फ पडला, तरी लोक जाकिटं चढवून बागेत बसले. आता प्रश्न आला: 'बाहेर' म्हणजे नक्की काय? तंबू ठोकला तर तो आत की बाहेर? सरकारनं व्याख्या उचलली ती धूम्रपानबंदीच्या नियमातून! २००७ मध्ये पबमध्ये सिगारेट बंद झाली, तेव्हा ठरलं होतं की छप्पर असलेल्या जागेच्या भिंती निम्म्याहून जास्त बंद असतील तर ती 'आत'. ओढणाऱ्यांना बाहेर काढण्यासाठी केलेला हिशेब आता पिणाऱ्यांना बाहेर बसवायला कामी आला.

इथवर गोष्ट गोड आहे. कितीतरी पब या टेबलांमुळे तगले, हे खरंच. पण फुटपाथ काही रिकामा पडलेला नव्हता. व्हीलचेअरवरचा माणूस, पांढरी काठी घेऊन चालणारी बाई, बाबागाडी ढकलणारा बाप, हे सगळे तिथूनच जातात. म्हणून सरकारी मार्गदर्शनात दीड मीटर मोकळी वाट ठेवण्याचा आग्रह होता. कागदावर. लंडनच्या सोहोमध्ये तर रस्तेच गाड्यांना बंद करून टेबलं मांडली. हॉटेलवाले खूश, पण माडीवर राहणाऱ्यांना रात्री झोप नाही. तिथली योजना सप्टेंबर २०२१ अखेर कौन्सिलनं गुंडाळली.

आणि देशभरातली तात्पुरती मुभा? तिची मुदत सप्टेंबर २०२१ ची होती. ती २०२२ झाली, मग २०२३. शेवटी २०२३ मध्ये नवा कायदा आला आणि ३१ मार्च २०२४ पासून फुटपाथ परवान्याची पद्धत कायमची झाली. ओसरी आणि हातपायांची म्हण आपल्याकडे उगाच नाही. हरकतींचे सात दिवस चौदा झाले, फीची मर्यादा ५०० पौंडांवर गेली, कौन्सिलला विनापरवाना टेबलं उचलून न्यायचा अधिकार मिळाला. उलट, बाहेर नेण्यासाठी विकायची आपोआप मुभा मार्च २०२५ अखेर संपली. एकाच कायद्याची दोन लेकरं. एक घरात राहिलं, दुसरं वाटेला लागलं.

१९१५ मध्ये तात्पुरतं बंधन आलं आणि ठाण मांडून बसलं. २०२० मध्ये तात्पुरती सवलत आली आणि तीही बसली. दोन्ही वेळा घाई खरी होती, कारणही खरं होतं. पण घाईत सगळ्यात आधी कापले जातात ते ऐकून घेण्याचे दिवस. २८ चे सात होतात, आणि त्या सात दिवसांत नोटीस वाचायला सगळ्यात उशिरा पोचतो तो त्या फुटपाथवाचून ज्याचं चालत नाही तोच. टेबल राहावं की जावं यावर वाद होऊ शकतो. पण संकट सरल्यावर सात दिवसांचे चौदाच झाले, २८ नाहीत. म्हणून यापुढे 'तात्पुरतं' हा शब्द कानावर पडला की दोन गोष्टी विचारा: संपणार कधी, आणि तोवर कुणाचं ऐकून घेणार?

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या गावात 'तात्पुरतं' म्हणून आलेलं आणि अजून न गेलेलं काय आहे, ते आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!