कौलातलं बिऱ्हाड

तुंगार्लीत आषाढ लागला की रानातले उंदीर थेट आमच्या कौलांत बिऱ्हाड थाटतात. रात्री माळ्यावर खुडबुड ऐकू आली की मला परळच्या सहा खोल्या आठवतात. हाफकिन संस्थेची वाटचाल सांगताना सगळे लसीपासून सुरुवात करतात. मी छपरापासून करतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे गोदीला चिकटलेली धान्याची पेठ. वर माणसं, खाली पोती आणि पोत्यांत उंदीर. माणसांआधी उंदीर मरत होते, हे लोकांना दिसत होतं. पुढे गावोगावी ‘उंदीर पडला’ एवढं ऐकलं तरी लोक घर सोडून माळावर झोपड्या घालू लागले. सरकारी नियम मात्र माणसांच्या मागे लागले होते. गटारांत कार्बॉलिक ओतलं, भिंतींना चुना फासला, उजेडासाठी कौलं उतरवली, आजाऱ्यांना उचलून इस्पितळात नेलं. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला. बोरघाट ओलांडून साथ पुण्यात पोचली तेव्हा हाच खाक्या रँडने तिथे चालवला. त्याचा शेवट काय झाला ते मराठी वाचकाला सांगायला नको.

वाल्देमार हाफकिन यांचं काम ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत सुरू झालं. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात आली. १९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवालला लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि तो पुसला जायला १९०७ उजाडलं. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं.

मधली वर्षं मला जास्त महत्त्वाची वाटतात. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवलं होतं. फार कुणी मनावर घेतलं नाही. मग ग्लेन लिस्टन यांनी मुंबईतल्या उंदीर पडलेल्या घरांत गिनीपिग सोडून पिसवा गोळा केल्या. १९०५ पासून प्लेग आयोगाने परळला काम मांडलं आणि सहा खोल्या बांधल्या. भिंती सारख्या, फरक फक्त छपरात. दोन खोल्यांवर देशी कौलं, जिथे उंदीर खुशाल नांदतात. दोनांवर मंगळुरी कौलं, जिथे ते राहतात पण जमेल तसे. दोनांवर पन्हाळी पत्रा. छपराखाली जाळी अशी, की उंदीर खाली येऊ नये, पण पिसू यावी. गिनीपिगांचे पिंजरे टांगले, तर जमिनीपासून दोन इंचांवरचे मेले आणि दोन फुटांवरचे वाचले, कारण पिसूची उडी तेवढी जात नाही. पिसवा नसतील तर आजारी जनावराला खेटून राहिलेलं निरोगी जनावरही सुखरूप राहत होतं. ज्या कौलांवरून आपण घराची ऐट मोजतो, त्यांची ही खरी परीक्षा!

बंदरावर हा धडा लवकर रुजला. जहाजाच्या दोरांवर पत्र्याच्या चकत्या बसू लागल्या, म्हणजे उंदराने दोरावरून धक्क्यावर उतरू नये. जहाजाला उंदीरमुक्तीचा दाखला लागू लागला, तोही सहा महिन्यांपुरताच. जून २००७ पासून त्याची जागा जहाज-स्वच्छतेच्या दाखल्याने घेतली, मुदत तीच.

इमारतींत मात्र काम माणसाच्या हातानेच चालतं. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि लगेच सुरतेत प्लेगने डोकं वर काढलं, तेव्हा उंदीर पुन्हा मथळ्यांत आला. मुंबई महापालिकेचे मूषक संहारक तर बातमी असो-नसो, रात्री बॅटरी आणि काठी घेऊन गल्ल्यांत उतरतात. एकेकाला एका रात्रीत ३० उंदीर मारायचे असतात.